राज्यसभेतले आपले एकोणीस जण नेमके कोणाचे?

पाणवठा (धागाकर्ती)

राज्यसभेची निवडणूक आली की आपल्याकडे चर्चा दोनच गोष्टींची होते: कोटा किती आणि कोणाचे आमदार कोणत्या हॉटेलात. जून २०२२ आठवून पाहा. सहा जागा, सात उमेदवार. मतमोजणी रात्रभर लांबली, एक मत बाद झालं, २८४ वैध मतं उरली. एका मताची किंमत १००, म्हणून २८,४०० भागिले सात, त्यात एक मिळवून ४,०५८ चा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारं मतमूल्य. पहिल्या पसंतीची ३३ मतं मिळालेले संजय पवार पडले आणि २७ मतं मिळालेले धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या जोरावर निवडून आले. हे गणित त्या आठवड्यात चहाच्या टपरीवरही लोक एकमेकांना समजावून सांगत होते. पण या सहा जणांनी पुढची सहा वर्षं दिल्लीत महाराष्ट्रासाठी काय करायचं, हा प्रश्न मी तरी कुठे ऐकला नाही.

लोकसभेत माणसांचं प्रतिनिधित्व आणि राज्यसभेत राज्यांचं, असं आपण नागरिकशास्त्रात शिकलो. म्हणूनच तिथल्या खासदारांना आपण थेट निवडत नाही, आपली विधानसभा निवडते. महाराष्ट्राचे १९, गोव्याचा एक, उत्तर प्रदेशाचे ३१. एकूण २३३ निवडून आलेले आणि १२ राष्ट्रपतींनी नेमलेले.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या १९ जागा आज महाराष्ट्राच्या राहिलेल्या नाहीत, त्या पक्षांच्या आहेत. २००३ साली कायदा बदलून उमेदवार त्या राज्याचा मतदार असण्याची अट काढली, हे त्याचं कारण म्हणून नेहमी सांगितलं जातं. मला ते दुय्यम वाटतं. खरं नुकसान १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने झालं, म्हणजे पक्षांतरबंदीने. सरकार पडू नये म्हणून व्हिप (पक्ष सांगेल तसंच मत देण्याचा आदेश), हे लोकसभेपुरतं समजू शकतं. पण मंत्रिमंडळ जबाबदार असतं ते फक्त लोकसभेला. राज्यसभेत अविश्वास ठराव येतच नाही, तिथे हरल्याने कोणतंही सरकार पडत नाही. मग तिथल्या खासदाराने राज्याच्या हितासाठी पक्षाविरुद्ध मत दिलं तर त्याची खासदारकी का जावी? या एका प्रश्नाचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. इथे बरेच जाणकार आहेत, म्हणून धागा काढला.

मुक्त_वाचक

धागा आवडला, पण रहिवासाची अट इतकी सहज बाजूला ठेवू नका. त्याच २०२२ च्या निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रातून इम्रान प्रतापगढी यांना पाठवलं, ते उत्तर प्रदेशचे. उलटही होतं. आपल्या कोकणातले सुरेश प्रभू २०१४ साली हरियाणातून आणि २०१६ साली आंध्र प्रदेशातून राज्यसभेवर गेले. प्रकाश जावडेकर मध्ये एकदा मध्य प्रदेशचे खासदार होते. ही माणसं कर्तबगार असतील, आहेतच. पण मराठवाड्यातल्या पीकविम्याचा किंवा कोकणातल्या मच्छीमारांचा प्रश्न ज्याने जवळून पाहिलेला नाही, तो सभागृहात कोणत्या बळावर उभा राहणार?

कोर्टाची_पायरी

कायद्याची बाजू सांगतो. २००३ च्या दुरुस्तीने दोन बदल झाले: रहिवासाची अट गेली आणि मतदान खुलं झालं. आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. या दोन्हींना कुलदीप नय्यर यांनी आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २००६ मध्ये दोन्ही बदल कायम ठेवले. खासदार त्या राज्यात राहणारा असणं हे आपल्या संघराज्याच्या रचनेचं अनिवार्य अंग नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. राज्याचे आमदार त्याला निवडतात, एवढ्याने तो राज्याचा प्रतिनिधी होतो.

अट असतानाही ती किती पाळली जायची हे सर्वांना माहीत आहे. त्या राज्यात कुठेतरी पत्ता दाखवायचा, मतदार यादीत नाव घालायचं, झालं. मनमोहन सिंग १९९१ पासून २०१९ पर्यंत आसामचे खासदार होते, ते गुवाहाटीच्या पत्त्यावर. त्यामुळे नुसती अट परत आणून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने मात्र २००२ मध्ये ही अट काढू नका असं स्पष्ट म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी ती काढली गेली.

म्हादयकाठ

गोव्यातून लिहिते आहे. तुमचे १९ आहेत म्हणून तुम्ही ते कोणाचे असा प्रश्न विचारू शकता. आमचा एकच.

म्हादई नदीचंच बघा. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी पाणी दिलं. वाद तरीही मिटला नाही, पुन्हा न्यायालयात गेला. आता राज्यसभेत या विषयावर बोलायला कर्नाटकाचे १२, महाराष्ट्राचे १९ आणि आमचा एक जण. तो आजारी असला तर गोवा त्या दिवशी सभागृहातच नाही. आणि तो ज्या पक्षाचा, त्याच पक्षाचं सरकार कर्नाटकात असेल, तर नदीबद्दल किती आवाज चढवणार?

आमचे माजी मुख्यमंत्री लुईझिन फालेरो २०२१ मध्ये राज्यसभेवर गेले, पण ते पश्चिम बंगालच्या जागेवर. म्हणजे कागदोपत्री ते बंगालचे प्रतिनिधी. दीड वर्षाने राजीनामा दिला. गोव्याचा दुसरा आवाज म्हणून आम्ही त्यांच्याकडे बघायचं की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

लहान राज्यांना समान जागा हव्यात. अमेरिकेत प्रत्येक राज्याला दोन आहेत ना?

मुक्त_वाचक

समान जागांची दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी लोक आणि वायोमिंगमध्ये सहा लाखांच्या आत. दोघांनाही दोन सेनेटर. आपल्याकडे तसं केलं तर सव्वा अकरा कोटींचा महाराष्ट्र आणि पंधरा लाखांच्या आतला गोवा एकाच मापाने मोजले जातील. मला ते न्यायाचं वाटत नाही.

म्हादयकाठ

मापाचा प्रश्न लोकसभेत सुटलेला आहे. तिथे तुमचे ४८ आणि आमचे दोन, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुसऱ्या सभागृहातही तेच माप लावायचं असेल तर ते सभागृह वेगळं कशाला?

इतिहासवेडी

म्हादयकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी थोडं मागे जावं लागेल. संविधान सभेत जुलै १९४७ मध्ये दुसऱ्या सभागृहाची बाजू मांडली ती एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी. त्यांचा भर होता तो भारदस्त चर्चेवर आणि क्षणिक आवेगात होणारे कायदे थोडे थांबवून पाहण्यावर. राज्यांचं रक्षण हा मुख्य मुद्दा नव्हता. फाळणीचे दिवस होते, संस्थानं विलीन व्हायची होती. राज्यांना फार बळ देण्याची कोणाचीच मनःस्थिती नव्हती. म्हणून जागा लोकसंख्येवर ठरल्या, पण थोड्या कलत्या मापाने: पहिल्या पन्नास लाखांपर्यंत दर दहा लाखांना एक, त्यापुढे दर वीस लाखांना एक. लहान राज्यांना थोडा हात दिला, समान मात्र केलं नाही. आज पाच राज्यं मिळून (उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, तमिळनाडू १८, बंगाल आणि बिहार प्रत्येकी १६) बरोबर १०० जागा होतात. आसाम सोडून ईशान्येची सिक्कीमसह सात राज्यं मिळून सात.

तरीही या सभागृहाने काही केलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९७० च्या सप्टेंबरमध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊन इथे आलं आणि १४९ विरुद्ध ७५ मतांनी पडलं. दोन तृतीयांशाला एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडला! आणि आपल्या विषयाला जास्त जवळचं उदाहरण १९८९ चं. पंचायत राज्याचं ६४ वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केलं, पण १३ ऑक्टोबरला राज्यसभेत ते पडलं. केंद्र राज्यांना वगळून थेट पंचायतींशी नातं जोडू पाहतं आहे, हा तेव्हा मुख्य आक्षेप होता. पुढे ७३ वी दुरुस्ती झाली, तिच्यात कितीतरी गोष्टी राज्यांच्या कायद्यांवर सोडल्या गेल्या. एक विधेयक तीन वर्षं अडलं आणि बदलून परत आलं. दुसऱ्या सभागृहाकडून याहून जास्त काय मागायचं?

आणि एक. डॉ. आंबेडकर १९५२ ची लोकसभा निवडणूक मुंबईत हरल्यानंतर मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि शेवटपर्यंत तिथे होते. आंध्र राज्याच्या विधेयकावर १९५३ मध्ये ते याच सभागृहात बोलले. अशा माणसाला संसदेत जागा मिळते, ही मागच्या दाराची वाट म्हणून हिणवली जाणारी सोय मला तरी मोलाची वाटते.

गोदाकाठचा

इतिहासवेडी, ही दोन्ही उदाहरणं १९९० च्या आधीची. अलीकडचं सांगा.

शेतीविषयक विधेयकं २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती मिळाली नाही. शेती हा राज्यांचा विषय. बाजार समित्या राज्यांच्या कायद्याने चालतात. कोणत्या राज्याचे किती खासदार बाजूने आणि किती विरोधात, एवढी साधी नोंदसुद्धा राज्यांच्या सभागृहात राहिली नाही. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि कायदे मागे घ्यावे लागले. विधेयकं चांगली की वाईट यावर माझं इथे काही म्हणणं नाही. लातूर-नांदेडच्या सोयाबीनवाल्यांमध्येही दोन्ही मतं होती. पण ती मतं राज्यसभेत ऐकू यायला हवी होती.

हिशेबनीस

करसल्लागार आहे, त्यामुळे जीएसटीवर बोलतो. या धाग्यात हा विषय यायलाच हवा, कारण राज्यसभेने राज्यांचं काम खरोखर केलं असं अलीकडचं ठळक उदाहरण जीएसटीचंच आहे.

मे २०१५ मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं तेव्हा त्यात आंतरराज्य व्यवहारावर एक टक्का जादा कराची तरतूद होती. तो पैसा माल जिथून निघतो त्या राज्याला मिळणार होता. महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू अशा कारखानदार राज्यांच्या फायद्याची गोष्ट. राज्यसभेने विधेयक प्रवर समितीकडे पाठवलं, वर्षभर वाटाघाटी झाल्या. ३ ऑगस्ट २०१६ ला ते मंजूर झालं तेव्हा तो एक टक्का गेला होता आणि राज्यांना पाच वर्षं नुकसानभरपाई देणं केंद्रावर बंधनकारक झालं होतं. मतं २०३ विरुद्ध शून्य. अण्णा द्रमुकने सभात्याग केला, तमिळनाडूचं नुकसान होतं म्हणून. मला तो सभात्याग महत्त्वाचा वाटतो. एक टक्का जाण्यात महाराष्ट्राचंही नुकसान होतं, पण आपल्या खासदारांनी राज्य म्हणून वेगळी भूमिका घेतल्याचं दिसलं नाही. राज्याला बांधलेला पक्ष असेल तरच राज्यसभेत राज्य बोलतं, हे तेव्हा कळलं.

गंमत म्हणजे त्याच विधेयकातून जीएसटी परिषद जन्माला आली आणि राज्यांचं खरं सभागृह आता तीच आहे. तिथे प्रत्येक राज्याच्या मताचं वजन समान. म्हादयकाठ, जीएसटी परिषदेत गोवा आणि महाराष्ट्र एका वजनाचे! केंद्राकडे एक तृतीयांश, सगळ्या राज्यांकडे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राशिवाय राज्यं काही करू शकत नाहीत आणि केंद्रालाही बहुसंख्य राज्यं सोबत घ्यावी लागतात. बसतात ते राज्यांचे मंत्री. परत आल्यावर त्यांना विधानसभेत उत्तर द्यावं लागतं. राज्यसभेच्या खासदाराला विधानसभेत कोण बोलावतं?

पाणवठा

हिशेबनीस, हा मुद्दा मोलाचा आहे. पण परिषदेच्या बैठका बंद दाराआड होतात. आपल्याला संध्याकाळची पत्रकार परिषद तेवढी दिसते. शिवाय ती फक्त कराची. पाणी, शेती, सीमा, भाषा, यांचं काय?

आणि सीमांचा विषय निघालाच आहे तर आंध्रचं सांगते. मला हे प्रकरण सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. राज्याचं विभाजन करायचं तर घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार त्या विधानसभेचं मत फक्त विचारायचं असतं, मान्य करायचं बंधन नाही. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळलं. २० फेब्रुवारीला ते राज्यसभेत मंजूर झालं. त्या दिवशी पंतप्रधानांनी सभागृहात सांगितलं की उर्वरित आंध्रला पाच वर्षांसाठी विशेष श्रेणीचा (केंद्राकडून जादा मदत मिळण्याचा) दर्जा मिळेल. राज्यांच्या सभागृहात, एका राज्याला, देशाच्या पंतप्रधानांनी दिलेला शब्द. तो पाळला गेला नाही. सरकार बदललं, निकष बदलले, आणि २०१८ मध्ये तेलुगू देसम याच मुद्द्यावर केंद्र सरकारमधून बाहेर पडला. त्या वेळी सुरेश प्रभू केंद्रात मंत्री होते आणि आंध्रचे खासदारही होते, तेलुगू देसमच्या मतांवर निवडून आलेले. मी त्यांना दोष देत नाही. अशा वेळी माणसाने राज्याचं ऐकायचं की पक्षाचं, याला आपल्या कायद्यात एकच उत्तर आहे, आणि ते मला मान्य नाही.

स्प्रेकाठी

गेली बरीच वर्षं बर्लिनला आहे. इथल्या बुंडेसराटबद्दल, म्हणजे जर्मनीतल्या राज्यांच्या सभागृहाबद्दल लिहिते, कारण हिशेबनीस म्हणतात तशी रचना, म्हणजे राज्यांचे मंत्रीच सभासद, इथे संसदेच्या पातळीवर आहे. निवडणूक नाहीच. राज्यात जे सरकार असेल त्याचे मुख्यमंत्री आणि मंत्री येऊन बसतात. एकूण ६९ मतं, लोकसंख्येनुसार प्रत्येक राज्याला तीन ते सहा. सात लाखांच्या ब्रेमेनला तीन आणि पावणेदोन कोटींहून मोठ्या नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियाला सहा. गोवा आणि महाराष्ट्र दोघांनाही चालेल असं माप!

मुख्य नियम असा की एका राज्याची सगळी मतं एकगठ्ठा पडली पाहिजेत. मार्च २००२ मध्ये स्थलांतराच्या कायद्यावर मतदान होतं आणि ब्रांडेनबुर्गच्या मतांवर सगळं अडलं होतं. तिथे आघाडी सरकार. एक मंत्री म्हणाला ‘हो’, लगेच दुसरा म्हणाला ‘नाही’. सभापतींनी मुख्यमंत्र्यांना पुन्हा विचारलं, ते म्हणाले ‘हो’. सभापतींनी चारही मतं बाजूने धरली आणि सभागृहात गदारोळ झाला. डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. राज्य एका आवाजात बोललं नाही, तर त्याचं मत धरता येत नाही.

पक्ष इथेही आहेतच. पण आघाडीत एकमत नसेल तर राज्य तटस्थ राहतं, आणि ३५ मतं लागत असल्याने तटस्थता विरोधाइतकीच जड पडते. त्यामुळे केंद्राला प्रत्येक राज्याच्या राजधानीशी आधी बोलून घ्यावंच लागतं.

गोदाकाठचा

स्प्रेकाठी, छान माहिती. पण आपल्याकडे हे आणलं तर राज्याचा आवाज म्हणजे मुंबईत बसलेल्या सरकारचा आवाज होईल. आज निदान विरोधी पक्षांचेही खासदार त्या १९ मध्ये असतात.

आणि राज्याच्या आतल्या प्रदेशांचं काय? घटनेत ३७१(२) कलम आपल्यासाठीच आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं १९९४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. मराठवाड्याचा अनुशेष राज्यसभेत कोणी मांडायचा? १९ पैकी किती जण कोणत्या विभागाचे असावेत याचा नियम तर सोडाच, संकेतही नाही. दिल्लीने मुंबईचं ऐकावं असं म्हणताना मुंबईने आमचं ऐकावं हेही आलं पाहिजे.

म्हादयकाठ

गोदाकाठचा, +१. आणि लडाखला तर राज्यसभेत एकही जागा नाही. जम्मू-काश्मीरच्या चार जागा फेब्रुवारी २०२१ पासून २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत रिकाम्या होत्या, त्यातही ऑक्टोबर २०२४ पर्यंत तर निवडून द्यायला विधानसभाच नव्हती. तिथलं सगळं बदलत होतं त्याच काळात.

कोर्टाची_पायरी

काय बदलणं किती अवघड आहे ते सांगतो, म्हणजे चर्चा जमिनीवर राहील.

समान जागा: केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने सुचवल्या होत्या. पण संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व बदलायचं तर दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि शिवाय निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती. उत्तर प्रदेश ३१ वरून खाली यायला कधी तयार होईल?

धनविधेयक (कर आणि सरकारी पैशाबद्दलचं विधेयक): लोकसभेच्या अध्यक्षांनी तसं प्रमाणपत्र दिलं की राज्यसभेच्या हाती चौदा दिवस आणि नुसत्या शिफारशी. २०१६ मध्ये आधारचा कायदा असाच झाला. राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या. २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी अल्पमतात या मार्गाला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. हा प्रश्न पुढे मोठ्या पीठाकडे गेला.

व्हिप: पाणवठा म्हणतात तो बदल या तिन्हींत सोपा. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात एवढंच लिहायचं की राज्यसभेतल्या मतदानाला हे लागू नाही. राज्यांच्या संमतीचीही गरज पडू नये. अडचण एकच: ज्यांचा अधिकार जाणार त्या पक्षांनीच तो सोडायचा.

मुक्त_वाचक

व्हिप काढला तर घोडेबाजार सभागृहात येईल ही भीती आहेच की. आज तो दोन वर्षांतून एकदा हॉटेलात होतो, उद्या प्रत्येक विधेयकाला होईल.

पाणवठा

भीती खरी आहे. म्हणून मी पक्ष सोडण्यावरची बंदी काढा म्हणत नाही. पक्षात राहूनच एखाद्या विधेयकावर राज्यासाठी वेगळं मत देता यावं, आणि ते नोंदवून, नावानिशी द्यावं. जे उघड दिलं जातं आणि ज्याचं कारण सभागृहात सांगावं लागतं, ते मत विकणं सोपं नसतं.

याला घाईही आहे. ८४ व्या दुरुस्तीने राज्यांच्या लोकसभेच्या जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या. त्या मोकळ्या झाल्या की ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं लोकसभेतलं वजन घटेल. दक्षिणेत याची धास्ती आहे. तेव्हा तमिळनाडू किंवा केरळला राज्यसभा दाखवून धीर द्यायचा असेल, तर ती आधी राज्यांची असायला हवी.

घटनादुरुस्ती आपल्या हातात नाही. पण राज्यसभेचे मतदार आमचे-तुमचे आमदार आहेत, आणि त्यांची दारं आपल्या गावात आहेत. खुल्या मतदानात आमदाराची मतपत्रिका पक्षाचा माणूस बघतो, आपण बघत नाही. मग निदान आधी विचारावं. २०२२ मध्ये भरलेल्या सहा जागांची मुदत जुलै २०२८ मध्ये संपते. त्याआधी आपापल्या आमदाराला पत्र: तुम्ही ज्यांना मत देणार, त्यांनी महाराष्ट्राचे कोणते तीन प्रश्न संसदेत मांडायचं कबूल केलं आहे, आणि मागच्या वेळी ज्यांना दिलंत त्यांनी कोणते मांडले? खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडतात, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाही पडताळता येईल.

गोदाकाठचा

तीनपैकी एक प्रश्न आपल्या विभागाचा असावा, एवढं वाक्य घाला. मी आमच्या मतदारसंघात फिरवतो.

म्हादयकाठ

आमच्याकडे चाळीस आमदार आणि जागा एक. एकवीस जणांना विचारलं की काम झालं. मसुदा इथेच टाका, मी मराठी आणि कोंकणी दोन्हींत तयार करते.